घरच्या शाळेची शिदोरी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला शाळेने निष्ठेने चालविली आहे, त्यांना मी प्रथम अभिवादन करतो. विशेषणांची रास घालून केलेले गुणवर्णन त्यांना फारसे रुचत नसे. विद्यार्थ्याच्या हाती काय पडले, हा त्यांचा पहिला आणि शेवटचा प्रश्न असे. त्या प्रश्नाला धरूनच आज बोलावे, असे मी ठरविले. 'घरी शिकणाऱ्या मुलांना विनामूल्य मिळू शकणारी साधने आणि त्यांची निवड' असा आजचा विषय आहे.

शाळेच्या व्यासपीठावर उभे राहून शाळेबाहेरच्या शिक्षणाविषयी बोलणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु मी शाळेच्या विरुद्ध बोलण्यासाठी आलेलो नाही. आयुष्याची उमेदीची वर्षे ज्याने वर्गात खडू हाती धरून घालविली, त्याने तसे बोलणे शोभणारही नाही. मुलाला शाळेत समवयस्कांची संगत मिळते, दुपारचे जेवण मिळते, घराबाहेरचे जग दिसते. हे सारे घराला सहजासहजी देता येत नाही. तरीही आपल्या निपाणीच्या परिसरात अनेक मुले अशी आहेत की, ज्यांचे शिकणे काही काळ किंवा कायमचे घरीच होते किंवा व्हावे लागते. त्यांच्यासाठी आज जगात काय उपलब्ध आहे, आणि ते त्यांच्यापर्यंत पोहोचविण्यात शाळेचा वाटा कोणता, याचा विचार आपल्याला करावयाचा आहे.

घरी शिकणारी मुले कोण?

'होमस्कूलिंग' हा शब्द गेल्या काही वर्षांत आपल्याकडील वर्तमानपत्रांतून परिचित झाला. पुण्यामुंबईकडील काही सुशिक्षित कुटुंबांनी मुलांना शाळेत न घालता घरीच शिकविण्याचा मार्ग विचारपूर्वक पत्करला. अमेरिकेत १९९३ पर्यंत सर्व ५० राज्यांत अशा शिक्षणाला कायद्याची मान्यता मिळाली होती, आणि तेथील सार्वजनिक वाचनालये हा अशा कुटुंबांचा मोठा आधार आहे. हा झाला पहिला वर्ग, स्वेच्छेने घरी शिकणाऱ्यांचा. आपल्या गावात तो अगदी लहान आहे.

दुसरा वर्ग नाइलाजाने घरी राहणाऱ्यांचा. दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळलेले मूल त्यात येते. अपंगत्वामुळे रोजचा प्रवास न झेपणारे मूल येते. ऊसतोडणीच्या हंगामात आईबापांबरोबर गाव सोडून कारखान्याच्या परिसरात पालात राहणारे मूल येते. आणि सातवी-आठवीनंतर 'आता घरीच शिकेल' असे सांगून जिला शाळेतून काढले जाते, ती मुलगीही येते. हा वर्ग मोठा आहे आणि त्याची नोंद कोठेच नीट होत नाही.

तिसऱ्या वर्गात २०२० साली आपण सारेच सामील झालो. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळांची दारे बंद झाली आणि प्रत्येक घराला, तयारी असो वा नसो, शाळा व्हावे लागले. त्या काळात मी आमच्या गल्लीतील काही मुलांना ओट्यावर बसवून शिकवीत असे. एका घरी तीन मुले आणि एकच मोबाइल होता, आणि तो मोबाइल सकाळी वडिलांबरोबर कामावर जाई. सायंकाळी सात वाजता तो घरी परते, तेव्हा तिघांपैकी दोघे पेंगुळलेले असत. धडे विनामूल्य होते, परंतु ते त्या मुलांपर्यंत पोहोचत नव्हते. विनामूल्य असणे आणि उपलब्ध असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या ओट्यावर शिकायला मिळाले.

घर हीच शाळा : एक जुनी परंपरा

घरी शिकण्याची कल्पना परदेशातून आली, असा समज असेल तर तो दूर करावयास हवा. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडील स्त्रीशिक्षणाचा आरंभ पुष्कळदा घरातच झाला. जोतीराव फुले यांनी सावित्रीबाईंना प्रथम घरी शिकविले, आणि त्यानंतर १८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा उघडली गेली. न्यायमूर्ती रानडे यांच्याशी १८७३ मध्ये विवाह होऊन रमाबाई घरात आल्या, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. न्यायमूर्तींनी त्यांना अक्षरओळखीपासून इंग्रजीपर्यंत घरातच शिकविले आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष त्या मुलीने मुकाट्याने सोसला. पुढे पुण्याच्या सेवासदनाच्या कार्याने रमाबाई रानडे हे नाव सर्वतोमुखी झाले.

आपल्या कर्नाटकाशी निगडित असे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविण्याचा निश्चय केला. लोकांचा विरोध झाला, तेव्हा ते सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात जाऊन राहिले. तेथे १८५८ मध्ये रमाबाईंचा जन्म झाला. त्यांना संस्कृत शिकविले ते त्यांच्या आईने. तीर्थयात्रेची भ्रमंती चालू असतानाही हे शिकणे थांबले नाही. छापील पुस्तके दुर्मिळ, आणि पाटी, फळा, वर्ग यांपैकी काहीही नसताना आईच्या मुखातून मुलीच्या कानात विद्या उतरली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

या तीन उदाहरणांत साधने नगण्य होती. समान दुवा आहे तो शेजारी बसणाऱ्या माणसाचा. शिकणाऱ्यासाठी रोज ठरावीक वेळ राखून ठेवणारे कोणीतरी त्या प्रत्येक घरात होते. आज साधने विपुल झाली असताना हा दुवा आपण विसरता कामा नये.

साधने परिसरात असतात

साधनांचा प्रश्न शास्त्रीय रीतीने हाताळला तो ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरला काम करून ताराबाईंनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. माँटेसोरी पद्धतीची मूळ साधने महागडी, परदेशी घडणीची. भारतातील गरीब मुलाला ती कोठून मिळणार? म्हणून ताराबाईंनी बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांत, शंख, शिंपले, बिया, पाने, खडे, माती यांनाच शैक्षणिक साधनांची प्रतिष्ठा दिली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हा अंगणवाडीचा विचार तेथलाच. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी अनुताईंनी कुरणशाळा चालविली. मुलांच्या कामाची जागा हीच वर्गाची जागा झाली.

कोल्हापूर येथून सुमारे चाळीस किलोमीटर. तेथे लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केले आणि मुलांच्या भोवतालचे जीवन हेच पाठ्यपुस्तक मानून शिकविता येते, हे आपल्या शेजारीच दाखवून दिले.

आपल्या घरांतही अशी साधने आहेत. बाजारातील वजनकाटा, एस.टी.चे वेळापत्रक, विजेचे बिल, दूधसंस्थेचे पुस्तक, तंबाखूच्या वखारीतील वजनाची पावती, ही अंकगणिताची पुस्तकेच होत. निपाणीच्या कितीतरी घरांत आई विड्या वळते. मजुरी हजारावर मिळते. किती पाने आली, किती तंबाखू आली, किती विड्या उतरल्या, किती नापास म्हणून बाजूला काढल्या आणि हाती किती रुपये आले, हा हिशेब चौथी-पाचवीच्या मुलीला मांडता आला तर गुणाकार, वजाबाकी आणि शेकडेवारी तिला एकदम समजते, आणि आईच्या घामाच्या पैशाला पहारेकरीही मिळतो. मात्र एक मर्यादा येथेच सांगतो. मुलीने आईचा हिशेब लिहावा, तिच्या जागी बसून विड्या वळू नयेत.

आजचे भांडार

आता आजच्या काळात विनामूल्य काय मिळते, ते पाहू. यादी मोठी होईल म्हणून आपल्या भागाला उपयुक्त तेवढेच सांगतो.

पहिले साधन पाठ्यपुस्तक. महाराष्ट्राचे पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे 'बालभारती', १९६७ मध्ये स्थापन झाले. त्याची पुस्तके इंटरनेटवरून विनामूल्य उतरवून घेता येतात. कर्नाटकाची पाठ्यपुस्तकेही अशीच उपलब्ध आहेत, आणि कर्नाटक राज्य मराठीसह सात माध्यमांतून पुस्तके काढते. येथे सीमाभागातील पालकांचा नेहमी घोटाळा होतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर आपली मुले मराठी माध्यमात शिकली तरी अभ्यासक्रम कर्नाटकाचा असतो. महाराष्ट्रातून आलेला एखादा चांगला पाठ भाषेने जवळचा वाटतो, परंतु त्यातील घटकांचा क्रम आपल्या परीक्षेशी जुळेलच असे नाही. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका दाखविण्यात आली. दूरदर्शनच्या लहरींना राज्याची सीमा नसते. त्यातील कृती आपल्याही मुलांना करता येण्याजोग्या होत्या. मात्र ती बालभारतीच्या पुस्तकांवर आधारलेली होती, हे ओळखून पालकांनी तिचा उपयोग पूरक म्हणून करणे इष्ट होते. साधन वाईट नसते, पण ते कशासाठी आहे हे जाणून घ्यावे लागते.

या दुहेरी परिस्थितीचा एक लाभही आहे आणि तो आपण फारसा घेतलेला नाही. कर्नाटकाचे विज्ञानाचे किंवा गणिताचे एकाच इयत्तेचे पुस्तक मराठीतही आहे आणि कन्नडमध्येही. बालभारतीही मराठीबरोबर कन्नड माध्यमाची पुस्तके छापते, कारण सोलापूर आणि सांगलीकडे कन्नड शाळा आहेत. ही दोन पुस्तके शेजारी शेजारी उघडून ठेवा. तोच धडा, तीच आकृती, तेच उदाहरण, फक्त भाषा दुसरी. ज्या मुलाला मराठीतून प्रकाशाचे परावर्तन कळलेले आहे, त्याला कन्नड पानावरील वाक्य अर्ध्याहून अधिक आकृतीवरूनच उमगते. कन्नडची भीती घालविण्यासाठी याहून स्वस्त उपाय मला ठाऊक नाही. कन्नड घरातील मुलाला मराठी शिकण्यासाठीही तो तितकाच उपयोगी आहे. आपल्या गावात दोन्ही भाषा एकाच बाजारात नांदतात. त्या एकाच टेबलावरही नांदू शकतात.

दुसरे साधन अवांतर वाचन. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ मध्ये सुरू झाले. त्याचे जुने अंक आज विनामूल्य वाचावयास मिळतात. मराठीतील नामवंत लेखकांनी मुलांसाठी लिहिलेले साहित्य त्यात आहे. बंगळूरुच्या 'प्रथम बुक्स' या संस्थेने २०१५ मध्ये 'स्टोरीवीव्हर' नावाचे गोष्टींचे मुक्त भांडार उघडले. त्यातील चित्रकथा वाचायला, छापायला आणि भाषांतरित करायलाही परवानगी आहे, आणि अनेक कथा मराठी आणि कन्नड दोन्हींत आहेत. थोड्या मोठ्या मुलांसाठी मराठी विश्वकोश आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईला हे कार्य उभे राहिले आणि १९७६ मध्ये पहिला खंड प्रसिद्ध झाला. ज्या ग्रंथाचे सर्व खंड विकत घेणे सामान्य घराला शक्य नव्हते, तो आज कोणत्याही मुलाला एक पैसाही न देता उघडता येतो.

तिसरे साधन विज्ञानाचे. अरविंद गुप्ता हे १९७५ मध्ये कानपूरच्या आय.आय.टी.तून अभियंता होऊन बाहेर पडले आणि मोठ्या पगाराच्या मागे न लागता काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुनी वर्तमानपत्रे यांतून खेळणी करून मुलांना विज्ञान शिकवू लागले. पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी आपली पुस्तके आणि इतरांची शिक्षणविषयक पुस्तके, त्यांत मराठीतीलही, सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. केराच्या टोपलीतून प्रयोगशाळा उभी राहते, हे पाहावयाचे असेल तर तेथे पाहावे.

चौथे साधन वाचनालय. या बाबतीत आपला प्रदेश जुना आणि संपन्न आहे. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ चे आणि कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. कर्नाटकात नोव्हेंबर २०२० मध्ये ग्रामपंचायतींच्या ग्रंथालयांसाठी 'ओदुव बेळकु', म्हणजे 'वाचनाचा प्रकाश', ही मोहीम सुरू झाली. तिच्या अंतर्गत ६ ते १८ वर्षांच्या मुलांना ग्रामपंचायतीच्या ग्रंथालयाचे सभासदत्व विनामूल्य मिळते. आपल्या आसपासच्या खेड्यांतील किती पालकांना हे माहीत आहे? ज्यांना माहीत आहे, त्यांनी शेजाऱ्याला सांगावे. त्या ग्रंथालयात मराठी पुस्तके कमी दिसली तर लेखी मागणी करावी. मागणी नोंदवणारा सभासद हा ग्रंथालयाचा खरा मित्र असतो.

परीक्षा आणि परतीची वाट

घरी शिकणाऱ्या मुलाचे पालक शेवटी विचारतात, प्रमाणपत्राचे काय? १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय स्थापन झाले. २००२ पासून ते राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था या नावाने ओळखले जाते. तेथे वयाच्या १४ व्या वर्षानंतर माध्यमिक परीक्षेसाठी नाव नोंदविता येते आणि विषयांची पुस्तके विनामूल्य वाचता येतात. नोंदणीचे आणि परीक्षेचे शुल्क मात्र द्यावे लागते, ते विसरू नये. अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय आपल्या वेशीला लागून असले तरी महाराष्ट्रात आहे, हे आपण जाणताच. वेशीपलीकडील घरांतील मुलांना महाराष्ट्राच्या मंडळाचा '१७ नंबरचा फॉर्म' भरून खाजगीरीत्या दहावी-बारावीला बसण्याची सोय आहे. या सर्वांच्या अटी आणि तारखा बदलत असतात. ऐकीव माहितीवर न विसंबता त्या वर्षाचे परिपत्रक स्वतः वाचावे.

याहून महत्त्वाची आहे ती परतीची वाट. शिक्षणहक्काचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. ६ ते १४ वर्षांचे जे मूल शाळेत कधी गेले नाही किंवा मध्येच शाळा सोडून गेले, त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश देण्याची आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष शिकवणी देण्याची तरतूद त्यात आहे. आजारातून उठलेल्या मुलाला, ऊसतोडणीहून परतलेल्या मुलाला 'आता फार उशीर झाला' असे सांगून कोणी परत पाठवू लागले, तर पालकांनी या तरतुदीचा उल्लेख करावा.

विनामूल्य म्हणजे काय?

आपल्या भाषेत 'फुकट' आणि 'विनामूल्य' असे दोन शब्द आहेत. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही, असे आपण म्हणतो. विनामूल्य मिळालेल्या वस्तूचे मूल्य आपल्याला ठरवावे लागते. ते ठरविण्यासाठी मी पालकांना चार प्रश्न सुचवितो.

पहिला प्रश्न : हे साधन माझ्या मुलाच्या भाषेत आणि त्याच्या इयत्तेच्या आवाक्यात आहे का? दुसरा : ते आमच्या घरी असलेल्या सोयींवर चालेल का? धडा विनामूल्य आणि तो पाहण्यासाठी महिन्याचा डेटा विकत, असे असेल तर आठवड्याचे चार धडे एकदाच उतरवून ठेवणे किंवा दहा पानांचे जेरॉक्स काढणे स्वस्त पडते. तिसरा : मुलाच्या हाताला यात काही काम आहे का, की नुसते पाहत बसावयाचे आहे? चौथा : देणाऱ्याचा यात हेतू काय? महामारीच्या काळात आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाला पंधरा दिवसांची विनामूल्य शिकवणी मिळाली आणि सोळाव्या दिवसापासून वर्षभराच्या वर्गणीसाठी फोनमागून फोन येऊ लागले. गळाला लावलेले आमिष हे माशाला विनामूल्यच असते.

नीतीचाही एक मुद्दा आहे. सहज मिळते म्हणून प्रत्येक पुस्तकाची प्रत काढणे योग्य नव्हे. १९५७ च्या कायद्याप्रमाणे आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे ग्रंथावर हक्क राहतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य २०११ पासून सर्वांचे झाले आहे. गिजुभाई १९३९ मध्ये वारले, तेव्हा त्यांची मूळ गुजराती पुस्तकेही मुक्त आहेत. परंतु आज लिहिणाऱ्या लेखकाचे पुस्तक त्याच्या संमतीवाचून फुकट वाटणे ही चोरी होय. मुलांना विद्या देताना चोरीचा धडा देऊ नये. मुक्त साहित्य इतके आहे की, त्याची गरजही नाही.

मुलीची गोष्ट वेगळी सांगावी लागते

आता जे सांगणार आहे, ते थोडे कटू आहे. 'मुलगी घरीच शिकते आहे' हे वाक्य मी अनेक घरांत ऐकले. आत जाऊन पाहावे तर मुलगी सुपात पाने घेऊन बसलेली, धाकटे भावंड मांडीवर आणि पुस्तक कोनाड्यात. अशा घरी जगातले सारे विनामूल्य भांडार आणून ओतले तरी तिच्या पदरात काही पडणार नाही. 'घरी शिकते' हे कधी कधी 'घरी राबते' याचे सभ्य रूप असते, आणि आपण शिक्षितांनी ते निमूटपणे मान्य करता कामा नये.

म्हणून घरच्या शिक्षणाची माझी कसोटी सोपी आहे. त्या मुलाला रोज निदान दोन तास कोणतेही काम न सांगता मिळतात का? त्या दोन तासांत शेजारी बसणारे, विचारणारे, ऐकणारे एखादे माणूस आहे का? आणि हाती एक पुस्तक आहे का? तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तर ते घर शाळा आहे. पुस्तक आज जवळजवळ विनामूल्य मिळते. वेळ आणि माणूस हीच खरी दुर्मिळ साधने राहिली आहेत. शेजारी बसणारा माणूस पदवीधर असलाच पाहिजे असे नाही. निरक्षर आजीनेही 'आज काय वाचलेस, मला सांग' असे रोज विचारले, तर मूल रोज वाचते. जेथे हे तीन मिळत नाहीत, तेथे मुलीला परत शाळेत आणणे हाच एकमेव मार्ग आहे. त्याला कोणतेही साधन पर्याय नाही.

शाळेपुढे एक प्रस्ताव

कर्नाटकात ऑगस्ट २०२० मध्ये 'विद्यागम' या योजनेखाली शिक्षक वाड्यावस्त्यांवर जाऊन देवळाच्या ओवरीत, झाडाच्या सावलीत मुलांना शिकवू लागले. संसर्गाच्या भीतीने ऑक्टोबरमध्ये ती योजना थांबवावी लागली. परंतु शाळेची इमारत बंद असतानाही शाळा चालू राहू शकते, हे त्या थोड्या महिन्यांनी दाखविले. त्याच धर्तीवर या शाळेपुढे, आणि विशेषतः माजी विद्यार्थ्यांपुढे, मी एक प्रस्ताव ठेवीत आहे.

शाळेच्या ग्रंथालयातील एक कपाट घरी शिकणाऱ्या मुलांसाठी राखून ठेवावे. त्यात पहिली ते दहावीच्या पुस्तकांचे मराठी आणि कन्नड असे दोन्ही संच असावेत. वरच्या वर्गात गेलेली मुले आपली पुस्तके देतील तर त्यासाठी खर्चही पडणार नाही. दर शनिवारी सायंकाळी दोन तास ते कपाट गावातील कोणत्याही मुलासाठी, त्याचे नाव कोणत्याही शाळेच्या पटावर असो वा नसो, उघडे राहावे. विनामूल्य साधनांची एक पानी छापील यादी इयत्तावार तयार करून ती दरवर्षी सुधारावी आणि दवाखाने, शिलाईची दुकाने, विडीचे कारखाने आणि दूधसंस्था येथे ठेवावी, कारण पालक तेथे येतात. प्रयोगशाळेचे दार महिन्यातून एकदा या मुलांसाठी उघडावे. आणि जे माजी विद्यार्थी पुण्याला, बंगळूरुला किंवा परदेशात आहेत, त्यांनी देणगीच्या जोडीला आठवड्यातील अर्धा तास द्यावा. एका मुलाशी फोनवरून तेवढाच वेळ बोलावे, त्याने वाचलेले ऐकून घ्यावे. देणगीने कपाट भरेल, अर्ध्या तासाने मूल भरून येईल.

यामुळे शाळेचा पट कमी होईल, अशी शंका कोणी घेईल. मला उलट वाटते. शनिवारी कपाटापाशी आलेले मूल शाळेचे अंगण पाहते, शिक्षकांची नावे ओळखू लागते. पुढच्या जूनमध्ये ते वर्गात येऊन बसण्याची शक्यता त्यामुळे वाढते. ज्या मुलाला येणे शक्यच नाही, त्याला निदान आपल्यासाठीही एक दार उघडे आहे, एवढे कळते.

गुरुजींना अभिप्रेत असलेली शाळा चार भिंतींत मावणारी नव्हती, हे त्यांच्या विद्यार्थ्यांना मी सांगावयाला नको. या प्रस्तावावर संस्थेने विचार करावा आणि पुढील शैक्षणिक वर्षाच्या आरंभी निदान ते कपाट उघडावे, अशी माझी नम्र विनंती आहे. त्यासाठी माझ्या संग्रहातील मुलांची पुस्तके मी आजच मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करीत आहे, आणि शनिवारच्या दोन तासांसाठी जे पहिले नाव लिहावयाचे, ते माझे लिहावे.